बचत परदेशात न्यायचीय? सोलापुरातल्या चार वाटा आणि त्यांचा खरा खर्च

परदेशी पैसे पाठवायचं काम शहरातल्या प्रत्येक बँक शाखेत होत नाही. दारावर मोठ्या बँकेची पाटी असली तरी आतल्या शाखेकडे परकीय चलनाचं काम असेलच असं नाही. सरकारी बँकांच्या भाषेत हे काम जिथे थेट होतं ती ‘बी कॅटेगरी’ शाखा. बाकीच्या ‘सी कॅटेगरी’ शाखा नुसते कागद गोळा करून तिकडे पाठवतात. जुळे सोलापूर नाहीतर होटगी रोडवरच्या नेहमीच्या शाखेत फॉर्म दिला आणि चार दिवस तो जागचा हलला नाही, तर कारण बहुतेक हेच असतं. म्हणून काउंटरवर ‘कमिशन किती?’ नंतर विचारा. आधी विचारा, ‘फॉरेक्सचं काम इथेच होतं की दुसऱ्या शाखेत जातं?’

सोलापूरचं एक बरं आहे. टॉवेल आणि चादरी परदेशी जातात, त्यामुळे फॉरेक्स जाणणारी माणसं शहरात आहेत. पण त्यांचा हात बसलाय एक्स्पोर्टच्या बिलांवर, म्हणजे आत येणाऱ्या पैशावर. देश सोडून चाललेल्या माणसाचा बाहेर जाणारा पैसा म्हटलं की फॉर्म वेगळा, कोड वेगळा, कर वेगळा, आणि घोळ होतात ते इथेच. खाली सरकारी बँक, खासगी बँक, ऑनलाइन सेवा आणि मनी चेंजर या चारही वाटा तपासल्या आहेत. करांचे आणि मर्यादांचे आकडे, तसेच आयकराच्या फॉर्मचे आणि नियमांचे क्रमांक आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

वाट निवडण्याआधी मात्र ‘कधी’ हे ठरवावं लागतं, कारण सगळ्यात मोठा पैसा तिथेच वाचतो किंवा अडकतो.

भारतात राहणारा माणूस रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवू शकतो. ही योजना २००४ साली २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली होती. मर्यादा आता ऐसपैस आहे, अडतं ते टीसीएसपाशी, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते त्या आयकरापाशी. स्थलांतर, बाहेरच्या खात्यात बचत, भेट अशा कारणांसाठी वर्षात १० लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस कापते. ४० लाख पाठवायचे असतील तर ३० लाखांवर २० टक्के, म्हणजे ६ लाख रुपये वेगळे. खात्यात ४६ लाख आणि वर चार्जेस असतील तरच ४० लाख बाहेर जातात. हे ६ लाख बुडत नाहीत. २६एएस या आयकराच्या खातेउताऱ्यात दिसतात, रिटर्न भरल्यावर करात वळते होतात किंवा परत मिळतात. पण परदेशात घराचं डिपॉझिट भरायच्या महिन्यांत ते सरकारकडे पडून राहतात, त्याचं काय करणार?

आता दुसरी बाजू. नोकरीसाठी देश सोडला की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने माणूस अनिवासी होतो, त्यासाठी १८२ दिवस मोजत बसावं लागत नाही. १८२ दिवसांचा हिशेब आयकराचा, तो वेगळा. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात, बदलून घ्यावंच लागतं, आणि एनआरओमधून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. हा व्यवहार एलआरएसमध्ये बसत नाही, त्यामुळे यावर टीसीएस नाही. त्याऐवजी लागतात आयकराचा १५सीए फॉर्म आणि सीएचा १५सीबी दाखला. तेच ४० लाख, पण ६ लाख न अडकता.

यावरून हिशेब सोपा होतो. निघण्याआधी एलआरएसने फक्त पहिल्या तीन-चार महिन्यांचं भाडं, डिपॉझिट आणि खर्चाचे पैसे पाठवा, १० लाखांच्या आत. उरलेलं तिकडे पोचल्यावर एनआरओमधून. पत्नीचं स्वतःचं खातं आणि पॅन असेल तर तिची १० लाखांची मर्यादा वेगळी. जाणं मार्च-एप्रिलमध्ये असेल तर ३१ मार्चच्या आधी एकदा आणि १ एप्रिलनंतर एकदा, अशी दोन वर्षांची मर्यादा वापरता येते. फक्त मार्चच्या शेवटच्या चार दिवसांत शाखेत जाऊ नका, कुणाला बोलायलाही सवड नसते. आणि १० लाखांची मर्यादा सगळ्या बँका आणि सगळी कारणं धरून एकच असते. एका बँकेतून ७ आणि दुसरीतून ७ पाठवले तर तसं लिहून द्यावं लागतं, फॉरेक्स कार्डात भरलेले पैसेही त्यात येतात.

एक चूक फार बोकाळलीय. साधं बचत खातं तसंच ठेवायचं आणि तिकडे बसून नेटबँकिंगने एलआरएसचा व्यवहार करायचा. ‘बँकेला काय कळतंय!’ बँकेला कळो न कळो, खाली निवासी असल्याचं घोषणापत्र तुम्ही दिलेलं असतं, आणि फेमाच्या उल्लंघनाचा दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

सरकारी बँक: ५ पैकी ३

जमेची बाजू म्हणजे कागद बरोबर असले की काम पक्कं होतं, आणि मोठ्या रकमेला रेट घासाघीस करून मिळतो. वजा बाजू म्हणजे सगळं एका माणसावर अवलंबून. फॉरेक्स पाहणारा अधिकारी रजेवर किंवा बदलीवर गेला की तुमचा फॉर्म ट्रेमध्ये.

परदेशी पैसे पाठवायचा अर्ज म्हणजे ए२ फॉर्म दिसायला साधा, पण त्यात चार जागा आहेत जिथे गाडी अडते. पहिली जागा रक्कम. ‘१० लाख रुपयांचे युरो’ असं लिहिलंत तर किती युरो पोचतील ते त्या क्षणाच्या रेटवर ठरतं, ‘११,००० युरो’ लिहिलंत तर किती रुपये जातील ते. टीसीएसची रेषा ओलांडायची नसेल तर ९ लाख ८० हजारांच्या आसपास थांबा. रेट वीस पैशांनी हलला म्हणून १० लाखांच्या वर दोन हजार गेले, तर तेवढ्यावर २० टक्के कापले जातात आणि पुढच्या प्रत्येक रुपयाला तोच दर लागतो.

दुसरी जागा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी चाललेत त्याचा कोड. कायमचा मुक्काम हलवणाऱ्याच्या पैशाला ‘मायग्रंट ट्रान्सफर’चा कोड आहे, एस १३०७. परदेशी बँकेत खातं उघडून त्यात ठेवण्याला एस ००२३. सवयीने अधिकारी ‘फॅमिली मेंटेनन्स’ टाकतात. स्वतःच्याच खात्यात जाणाऱ्या पैशाला कुटुंबाचा निर्वाह म्हणता येत नाही, नातेवाइकाला भेट तर नाहीच. फॉर्म सहीला पुढे आला की कोड आधी वाचा.

तिसरी जागा या वर्षी आधी पाठवलेल्या रकमांचा तक्ता. काही पाठवलं नसेल तर ‘निरंक’ लिहा, रिकामा सोडला की फॉर्म परत येतो. चौथी जागा सही. पासबुकावरची दहा वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही जुळत नाही म्हणून परत गेलेले फॉर्म कमी नाहीत. निघायच्या महिनाभर आधी नमुना सही नव्याने द्या.

काही शाखा एलआरएसलाही १५सीए-सीबी मागतात. माणूस स्वतःच्या नावे एलआरएसखाली पाठवतो त्या पैशाला आयकर नियम ३७बीबीने त्यातून सूट दिलेली आहे. नियमाचा क्रमांक शांतपणे सांगितला की बहुतेक वेळा विषय मिटतो, नाहीतर सीएची फी विनाकारण जाते.

खासगी बँक: ५ पैकी साडेतीन

नेटबँकिंगवर एलआरएसचा पर्याय असतो, पंधरा मिनिटांत काम होतं. पण स्क्रीनवर दिसणारा रेट ‘कार्ड रेट’ असतो, आणि बँकेची खरी कमाई त्यातच असते. समजा बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे. कार्ड रेट ९१.४० दिसतो. १०,००० डॉलरला १४,००० रुपये रेटमध्येच गेले, वर ‘प्रोसेसिंग फी फक्त ५०० रुपये’ अशी जाहिरात. रिलेशनशिप मॅनेजरला फोन करून ‘ट्रेझरी रेट द्या’ म्हटलं आणि ९०.४० मिळाला, तर तेच काम ४,००० मध्ये. फीवरून भांडणारे बरेच, रेटवरून भांडणारे थोडे. तुलना करताना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: माझ्या परदेशी खात्यात १०,००० डॉलर पूर्ण पडायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील? कर, फी, मधल्या बँकेचं कमिशन, सगळं धरून. रेट फोनवर नको, ईमेलवर घ्या, आणि सगळीकडचे रेट एकाच तासात घ्या. सकाळचा एक आणि दुपारचा दुसरा यांची तुलना फसवी असते.

जीएसटीवरून बँकेशी वाद घालू नका, तो सगळीकडे सारखाच. १० लाख रुपयांच्या चलन व्यवहाराला ९९० रुपये, २५ लाखांना १,२६०, आणि कितीही मोठी रक्कम असली तरी कमाल १०,८००. यापेक्षा जास्त लावला असेल तर मात्र जरूर विचारा.

शनिवार टाळा. चलनबाजार बंद असतो, त्यामुळे बँक रेटमध्ये स्वतःच्या बचावासाठी जादा अंतर ठेवते. सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेदहा ते एक ही चांगली वेळ. दुपारनंतर दिलेला व्यवहार पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच्या रेटने जातो.

ऑनलाइन सेवा: छोट्या रकमेला ४, मोठ्या बचतीला अडीच

रेट सहसा चांगला, पॅन आणि पासपोर्ट अपलोड केला की झालं. रेट काही वेळापुरता बांधून मिळतो, त्या वेळात एनईएफटी किंवा आरटीजीएसने रुपये भरायचे. भरणा स्वतःच्याच खात्यातून हवा. वडिलांच्या खात्यातून भरले की पैसे परत येतात आणि बांधलेला रेट जातो. शेवटी तुमचा पैसा परवानाधारक बँकेमार्फतच बाहेर जातो, त्यामुळे ती बँक कोणती हे आधी विचारून ठेवा. काही अडलं तर दाद तिथेच मागावी लागते.

मुख्य उणीव वेगळीच आहे. कारणांच्या यादीत शिक्षण, प्रवास, कुटुंब, भेट एवढंच असतं. स्थलांतराचा पर्याय पुष्कळ ठिकाणी नसतोच. मग माणूस ‘भेट’ निवडतो आणि पाठवणारा-घेणारा एकच निघाला म्हणून व्यवहार अडतो. पर्याय नसेल तर तिथून पाठवू नका. शिकायला जाणाऱ्यांसाठी मात्र ही वाट चांगली. त्यांच्या टीसीएसचं गणितही वेगळं आहे, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी जात असेल तर टीसीएस लागतच नाही.

मनी चेंजर

बचत हलवायला ही वाट नाही, हातखर्चापुरती आहे. नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत, अमेरिका-युरोप-आखात सगळीकडे हीच मर्यादा. रोख रुपये देऊन ५०,००० पर्यंतचंच चलन मिळतं, त्यावर चेक किंवा खात्यातून भरणा. नोटांचा रेट बँकेतून पाठवण्याच्या रेटपेक्षा नेहमीच महाग, म्हणून टॅक्सी आणि पहिले दोन दिवस निघतील एवढ्याच घ्या. पावती जपा, विमानतळावर दाखवावी लागू शकते. फॉरेक्स कार्ड घेतलं तर ते ज्या चलनात भरलंय त्याच चलनात वापरा, दुसऱ्या चलनात घासलं की पुन्हा अदलाबदलीचा चार्ज पडतो.

पैसा कुठून आला?

सोलापुरात हा प्रश्न नाजूक, कारण इथली बचत सहकारी बँकेत, पतसंस्थेत आणि भिशीत विखुरलेली असते. पतसंस्थेतून परदेशी पैसा जात नाही, बहुतेक सहकारी बँकांतूनही नाही. तो आधी परवाना असलेल्या बँकेत आणावा लागतो. तिथलं खातं वर्षापेक्षा नवं असेल तर बँक जुन्या बँकेचं मागच्या वर्षाचं स्टेटमेंट किंवा आयकर रिटर्न मागते. पतसंस्थेचं हाताने लिहिलेलं पासबुक चालेल या भरवशावर राहू नका. ठेव मोडतानाच शिक्का-सहीचं स्टेटमेंट घ्या आणि पैसे रोख न घेता आरटीजीएसने किंवा चेकने घ्या. निघायच्या पंधरा दिवस आधी खात्यात चार लाख रोख भरले, की त्या चार लाखांवर सगळी फाइल थांबते. भिशीच्या पैशाला कागद नसतो, तो इथल्या खर्चाला वापरा. सोनं मोडलं असेल तर सराफाचं बिल हवं आणि पैसे खात्यात आलेले हवेत.

नावाचा घोळ

याची किंमत आधी कुणी सांगत नाही. पासबुकावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव नाही. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरांत पासबुकावर आडनाव आधी. लग्न झालेल्या बाईचं पॅन सासरच्या नावाने, खातं माहेरच्या. परदेशी बँक खातं उघडते पासपोर्टच्या नावाने, आणि येणाऱ्या व्यवहारात पाठवणाऱ्याचं नाव वेगळं दिसलं की ‘तिसऱ्याचा पैसा’ समजून अडवून ठेवते. उपाय कंटाळवाणा पण एकच: पॅन, बँक खातं आणि पासपोर्ट यांवर अक्षरन् अक्षर एकच नाव, निघायच्या दोन महिने आधी.

खाते क्रमांकाचंही तसंच. जर्मनीचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) २२ अक्षरांचा, दुबईचा २३. एक-एक अक्षर मोजून घ्या. अमेरिकेत आयबॅन नाही, तिथे ९ अंकी राउटिंग नंबर. कॅनडात ५ अंकी ट्रान्झिट आणि ३ अंकी बँकेचा क्रमांक, ऑस्ट्रेलियात ६ अंकी बीएसबी. आणि खातं ज्या चलनात आहे त्याच चलनात पाठवा. युरोच्या खात्यात डॉलर पाठवले की तिकडची बँक आपल्या रेटने बदलते, मार्जिन दोनदा जातं.

चुकीच्या तपशिलामुळे पैसा परत आला तर खरी चटणी तिथे होते. विकताना लावलेला रेट आणि परत घेताना लावलेला रेट यांत दोन-तीन टक्क्यांचं अंतर असू शकतं, वर दोन्हीकडची फी.

चार्जेसचा रकाना नीट भरा. ‘शा’ (SHA, चार्जेस दोघांत वाटून) निवडलं तर मधल्या बँका आपलं कमिशन रकमेतून कापतात, घरमालकाला १,५०० युरो हवे असताना थोडे कमी पोचतात आणि भाडेकरार अडतो. नेमकी रक्कम पोचवायची असेल तेव्हा ‘अवर’ (OUR, सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे). व्यवहार झाल्यावर स्विफ्ट कॉपी, म्हणजे बँकेने पुढच्या बँकेला पाठवलेल्या संदेशाची प्रत, मागा, शाखेत अजून तिला ‘एमटी १०३’ म्हणतात. तिच्यावरचा यूईटीआर क्रमांक ३६ अक्षरांचा असतो. पैसा कुठे अडकलाय ते त्यावरूनच शोधतात, आणि ‘पाठवलाय, येईल’ या उत्तरापुढे जाता येतं.

एनआरओ: बँक निवडायची ती यासाठी

एनआरओ खातं ज्या बँकेत, पुढचा पैसा तिथूनच निघणार, रेटसाठी दुसरीकडे जायची सोय फारशी राहत नाही. म्हणून निघण्याआधी शाखेत स्पष्ट विचारा: एनआरओमधून बाहेर पाठवायचं काम ऑनलाइन होतं, की सही केलेला मूळ कागद परदेशातून कुरिअर करावा लागतो? दुसरं उत्तर आलं तर मोठी रक्कम त्या बँकेत ठेवून जाऊ नका.

खातं बदलायला पासपोर्ट, व्हिसा किंवा वर्क परमिट, पॅन, फोटो, परदेशातला पत्ता आणि कोणत्या देशात कर भरता ते सांगणारं फॅटका-सीआरएसचं घोषणापत्र लागतं. फॉर्म इथेच सही करून ठेवला तर पुढे वकिलातीकडून साक्षांकन करण्याचे हेलपाटे वाचतात. मुदत ठेवीही एनआरओ होतात, आणि त्यांच्या व्याजावर १० टक्क्यांऐवजी ३१.२ टक्के टीडीएस सुरू होतो. जर्मनीत राहणाऱ्याला दुहेरी कर कराराने तो १० टक्क्यांवर, अमेरिकेत राहणाऱ्याला १५ टक्क्यांवर आणता येतो, पण तिकडचं कर-निवासाचं प्रमाणपत्र आणि फॉर्म १०एफ बँकेला वेळेत द्यावा लागतो. जुनं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, नवं उघडता येत नाही.

१५सीबीसाठी सीएला लागतात ते कागद: एनआरओचं स्टेटमेंट, पैशाचा उगम दाखवणारे पुरावे, कर भरल्याचे पुरावे. एकेक लाख वारंवार पाठवण्यापेक्षा दोन-तीन मोठ्या टप्प्यांत पाठवा, कारण प्रत्येक टप्प्याला नवा १५सीए, नवी फी.

फ्लॅट विकायचा असेल तर सोलापूर सोडण्याआधी विका, किंवा निदान खरेदीखत आधी उरका. निवासी विक्रेत्याच्या ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारावर खरेदीदार १ टक्का कापतो. विक्रेता अनिवासी असला की रक्कम कितीही लहान असो, जुन्या मालमत्तेवर १२.५ टक्के आणि वर अधिभार-सेस. कमी कपातीचं प्रमाणपत्र काढता येतं, पण ते हातात येईपर्यंत गिऱ्हाईक थांबायला हवं.

शेवटची गोष्ट छोटी, पण यावर सगळं अडतं: भारतातलं सिम. ओटीपी त्यावरच येतो. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा, प्रीपेड असेल तर रिचार्ज संपू देऊ नका. टीसीएसचा परतावा ज्या खात्यात येणार ते खातं आयकराच्या पोर्टलवर एनआरओ म्हणून पुन्हा पडताळून घ्या. जुना खाते क्रमांक बंद झालेला असला तर परतावा निघतो आणि परत जातो.